दोन्ही पाय ब्रेकवर

चहा घ्या हातात. हसायचं तुम्ही आणि रडायचं मी, अशी फजिती सांगतो.

फौजेत बावीस वर्षं ट्रक हाकला. शाळा सातवीपर्यंत, तीही मास्तर कंटाळले म्हणून सुटली. लडाखच्या घाटात कधी खरचटलं नाही, आणि सहा वर्षांपूर्वी पालमच्या घरात जिन्यावरून घसरलो. मानेखाली सगळं बंद! तोंड तेवढं चालू. आमची बायको सुमन म्हणते, "देवाने नेमकं नको ते ठेवलं."

तर इथल्या एका इस्पितळात मनाने चालणारी खुर्ची आली. डोक्याला तारांची टोपी घालायची, मनात आणायचं, की खुर्ची निघाली! जो ती फरशीवरच्या पिवळ्या रेघेवर थांबवून दाखवेल, त्याला तीन महिने घरी मिळणार. मला ती हवीच होती हो. मला ढकलून ढकलून सुमनची कंबर गेलीय. सकाळी उठताना भिंत धरते बिचारी. मी तिलाच चिडवतो, "घरात पेशंट नक्की कोण?"

मशीनवाली पोरगी म्हणाली, "अंकलजी, दोनों पैर हिलाने का सोचिए, कुर्सी आगे जाएगी. रोकना हो तो कुछ मत सोचिए."

"बेटा, बाईस साल ट्रक चलाया है. हमको मत सिखाओ!"

मनातल्या मनात दोन्ही पाय हलवले. आणि खुर्ची हलली! खरंच हलली! सुमनच्या डोळ्यांत पाणी.

"अहो, चाललात की तुम्ही!"

मी फुगलो. तेवढ्यात आली पिवळी रेघ. आता तुम्हीच सांगा, ड्रायव्हर गाडी थांबवायला काय करतो? दोन्ही पाय खाली! क्लच, ब्रेक!

खुर्ची पुढेच. मी अजून जोरात दाबला. मेली आणखी पुढे!

"ब्रेक फेल! हटो, सब हटो!" वेग किती? गोगलगायीने ओव्हरटेक केलं असतं.

"अंकलजी, कुछ मत सोचिए!"

"कैसे नहीं सोचूं? सामने डॉक्टर है!"

"अहो, ब्रेक सोडा तो!" सुमनने बरोबर ओळखलं.

"उतारावर कोणी ब्रेक सोडतं का?"

"उतार कुठाय? फरशी आहे ही!"

धाड! डॉक्टरांचं टेबल हललं, चहा त्यांच्या पांढऱ्या कोटावर. पोरगी इतकी हसत होती, की बंद करायचं लाल बटण तिला टेबल लागल्यावर सापडलं.

आणखी दोनदा संधी दिली. दोन्ही वेळा टेबल.

खुर्ची कोणाला मिळाली? एका रिटायर्ड सरकारी बाबूंना. काहीही विचार न करता बसून राहायचं, तीस वर्षांचा सराव! रेघेवर असे थांबले, जशी त्यांच्या टेबलावरची फाइल. त्यांची बायको टाळ्या वाजवत होती. सुमन माझी ओळखीची जुनी खुर्ची उघडत होती. एका हाताने, दुसरा कंबरेवर.

मी डॉक्टरांना विचारलं, "मेरा दिमाग कमजोर निकला क्या?"

"नहीं जी, पैरों वाला सिग्नल तो सबसे तगड़ा आपका ही था."

ऐकलंत? सहा वर्षं माझ्या पायांचं कोणी म्हणून ऐकलं नव्हतं. शेवटी ज्या खुर्चीने ऐकलं, तिलाच मी जीव खाऊन ब्रेक मारत बसलो!