फार बरं वाटत होतं

स्पिरिटचा वास आला की नाशिकच्या हॉस्पिटलमधली ती सकाळ आठवते. पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी माझ्या बायपोलरच्या, म्हणजे मनाच्या टोकाच्या चढउतारांच्या आजाराच्या, गोळ्या थांबवल्या होत्या. टाके ताजे असूनही मी भराभर फेऱ्या मारत होते, वॉर्डभर बोलत सुटले होते. डॉक्टर खूश होऊन म्हणाले, "आजच घरी जा." नवरा पिशवी भरू लागला. शेजारच्या खाटेवरच्या इगतपुरीच्या मावशी तेवढ्या हळूच म्हणाल्या, "दोन रात्री डोळा लागला नाय गं तुझा." मला तो उत्साह सोडवत नव्हता; बोलले तर गोळ्या सुरू होऊन तो जाणार होता. शेवटी मी म्हणाले, "डॉक्टर, मला फारच बरं वाटतंय. मागच्या वेळी आजाराचा झटका असाच सुरू झाला होता." डॉक्टरांनी तिथूनच माझ्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावला. मुक्काम आठ दिवस वाढला. नवरा म्हणाला, "मला कळायला हवं होतं." गप्प राहायचं मी जवळजवळ ठरवलं होतं, हे त्याला अजूनही सांगितलेलं नाही.