पाण्यावर धरलेला स्फटिक

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि हे सांगताना मी कधी आवाज बारीक केला नाही. नव्वदीच्या शेवटी नाशकात एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी स्फटिक वाढवत होते. रसायनाचे थेंब पाण्यावर सोडायचे, दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा धरला की काचेवर अलगद उचलायचा. जाडी काही शे नॅनोमीटर. मग सूक्ष्मदर्शकाखाली तो फिरवत राहायचं आणि कोणत्या कोनाला किती उजेड पार येतो ते मोजायचं.

सगळ्या कोनांची वाचनं घेऊन झाली आणि खंडेनवमी आली. प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा होती. आमच्याच मळ्यातला झेंडू घेऊन वडील, आमचे दादा, आले. सूक्ष्मदर्शकाकडे बघून म्हणाले, "हे फिरवून काय मिळतं गं?"

"दादा, या स्फटिकात उजेड एका दिशेनं जोरात पळतो, दुसऱ्या दिशेनं हळू."

"मग त्यात काय! सरीतून चाललं की माणूस झपाझप जातो, आडवं गेलं की लय ठेचकाळतो. त्याला एवढं शिकाय लागतं?"

प्रकल्पाचे माझे सर शेजारीच होते, ते खो खो हसले. "तेच हिला आकड्यांत दाखवायचंय."

दसऱ्यानंतर सर म्हणाले, "माझ्यासमोर वाचनं पुन्हा काढ. जुळली तर प्रकल्पावर सही." नाही जुळली तर वर्ष गेलं, आणि घरी काकू तर स्थळ घेऊन तयारच होती.

मी स्फटिक फिरवला. आधी ज्या कोनांवर मिट्ट काळोख यायचा, तिथं आता उजेड. सुट्टीत पापुद्रा खराब झाला असणार! मग म्हटलं, काचच काढून बघू. काच काढली, तरी उजेड. सूक्ष्मदर्शकात काचेच्या खाली एक, वर एक अशा उजेड एकाच दिशेत गाळणाऱ्या दोन पोलरॉइड चकत्या असतात; त्या एकमेकींना काटकोनात असल्या, की मधे स्फटिक नसताना काही दिसताच कामा नये.

"सर, वरची चकती फिरलीय."

"कुणी हात लावला?"

"पूजेआधी पुसून परत कुणी बसवली, सर?"

सरांनी चष्मा काढला. "अरेच्चा! मीच की गं."

पूर्ण काळोख होईपर्यंत चकती फिरवली, काच ठेवली, वाचनं नव्यानं घेतली. नवा आलेख जुन्यावर ठेवून खिडकीशी धरला, तर दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या. सही झाली.

घरी सांगितलं तर काकू म्हणाली, "झालं ना शिक्षण? मग त्या लोकांना रविवारी बोलावते."

"नको. पोरगी पीएच.डी. करणार हाय," वडील म्हणाले.

मी अजून अर्जसुद्धा केला नव्हता.