पंपहाउसची प्रदक्षिणा आणि प्रतिवादी बाई

त्या बाईंविरुद्ध मी लिहिलेल्या पत्रांची फाइल आजही माझ्यापाशी आहे, आणि तिच्यातील एकही शब्द मागे घेण्याची माझी तयारी नाही. पुढे जे घडले, ते माझे म्हणणे मुळात बरोबर होते म्हणूनच घडले, एवढे प्रथम नमूद करतो.

२०१४ साली मुलाने आम्हा उभयतांना सिंगापुरातल्या यिशुन भागात, त्याच्या कॉन्डोत, म्हणजे तिथल्या बंदिस्त गृहसंकुलात, राहायला नेले. पुण्यात एका विमा कंपनीच्या विधी विभागात माझी हयात गेली होती. निवृत्तीनंतर हाताला काम उरले नाही. मसुदे करण्याची खोड मात्र उरली. कॉन्डोच्या मधोमध एक चौकोनी पंपहाउस होते, शेजारी चाफा, आणि सभोवती अरुंद फरसबंद वाट. स्नान आटोपून मी रोज त्या वाटेने एकवीस फेऱ्या घाली. पंपहाउस सदैव उजव्या हाताला.

"अहो, आत मोटर आहे, देव नाही," सौ. बाकावरून म्हणे. "प्रदक्षिणा कसल्या घालताय?"

मध्यभागी काय आहे यावर फेरीची दिशा ठरत नाही, हे मी तिला अनेकदा समजावले आहे.

अशात एके दिवशी पहाटे समोरून एक उंच, सडपातळ ऑस्ट्रेलियन बाई धावत आल्या. त्या पंपहाउस डाव्या हाताला ठेवून धावत होत्या. परिणामी माझी एक फेरी पुरी होईतो त्या चार वेळा माझ्या अंगावर येत. प्रत्येक वेळी "मॉर्निंग, अंकल!" असे हसून म्हणत, आणि मला गवतावर उतरावे लागे. आता त्या गवतात एक पाटी होती: गवतावर चालू नये. म्हणजे बाईंच्या प्रत्येक फेरीगणिक माझ्याकडून एक नियमभंग करवून घेतला जात होता! असला संताप मला सेवाकाळातही क्वचितच आला असेल.

मी कॉन्डोच्या व्यवस्थापकांना पत्र लिहिले. मग स्मरणपत्र. मग पहिल्या स्मरणपत्राचा संदर्भ देऊन दुसरे. व्यवस्थापक वयस्क चिनी गृहस्थ होते. प्रत्येक पत्र दोन्ही हातांनी स्वीकारून ते म्हणत, "कॅन, अंकल, कॅन लाह," म्हणजे तिथल्या इंग्रजीत 'होईल हो', आणि पत्र खणात ठेवून देत. त्या खणातून आजवर काहीही बाहेर आलेले मी पाहिले नाही.

प्रतिपक्षाची माहिती असावी म्हणून मी मुलाच्या संगणकावर बाईंची चौकशी केली. शाळकरी वयात त्यांनी आपल्या राज्यात लांब पल्ल्याच्या शर्यती जिंकल्या होत्या. पुढे धावणे सुटले. सिंगापुरात हार्बरफ्रंटला एका जहाज कंपनीत नोकरी लागली आणि तिशी उलटल्यावर पुन्हा सुरुवात झाली: आधी दहा किलोमीटर, मग अर्धमॅरेथॉन, मग पूर्ण. शेवटच्या मॅरेथॉनच्या निकालात मात्र नावापुढे वेळेऐवजी 'शर्यत अपूर्ण' असा शेरा होता. हे वाचून मला बरे वाटले नाही. तथापि त्याचा गवताशी संबंध नव्हता.

अखेर मी पत्र थेट बाईंच्याच हाती दिले. जागच्या जागी उड्या मारीत त्यांनी ते संपूर्ण वाचले.

"अंकल, जगभर ट्रॅकवर असेच धावतात. डावीकडे वळत."

"ट्रॅकचा नियम ट्रॅकवर. हा सामायिक मार्ग आहे."

"मग तुम्हीच का नाही उलटे फिरत?"

"मी? उलटी प्रदक्षिणा?" माझा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत गेला असावा, कारण तिथली खिडकी उघडली.

बाई दचकून बाकावर सौ.शेजारी बसल्या आणि डावी नडगी चोळू लागल्या. सौ.ने विचारले तशी त्यांनी सांगितले, की चार महिन्यांनी मायदेशी निवडीची शर्यत आहे. ठरलेल्या वेळेच्या आत ती पुरी केली तर देशाच्या संघात जागा. गेल्या खेपेस याच पायाने अर्ध्यात दगा दिला. या वयात आणखी एक संधी मिळणार नाही, आणि प्रशिक्षक तर म्हणतात, पुरे कर.

घरी येऊन मी दुसरे पत्र लिहिले. त्यातील परिच्छेद चार असा होता: "आपण रोज याच लहान मार्गावर, कायम डावीकडे वळत धावता. आपला डावाच पाय दुखतो. सबब आपला मार्गच आपल्याविरुद्धचा पुरावा आहे."

बाईंनी ते पत्र आपल्या फिजिओथेरपिस्टला दाखवले. तो म्हणे आधी खूप हसला, आणि मग हसायचा थांबला.

पुढच्या सोमवारी बाई समोरून आल्या नाहीत. पाठीमागून आल्या, अजिबात आवाज न करता. "मॉर्निंग, अंकल!" माझी एक चप्पल चाफ्याखाली गेली आणि मी दुसरीनिशी थेट गवतात.

त्याविषयीचे पत्र त्याच दिवशी गेले. त्यानंतर बाई दहा पावलांवरूनच ओरडू लागल्या, "येते हो, अंकल!"

"आधी तोंडावर येत होत्या, आता पाठीवर," सौ. म्हणाली. "तुम्ही मिळवलंत काय?"

मी मिळवले काय, ते महिन्याभरात दिसले. नडगी चोळणे थांबले. फेऱ्या वाढल्या. चौथ्या महिन्यात बाई मायदेशी गेल्या, आणि दोन आठवडे मला कोणी गवतात ढकलले नाही. त्या काळात माझ्या फेऱ्या सतरावर आल्या होत्या असे सौ. सांगते. तिच्याकडे पुरावा नाही.

शर्यतीच्या दिवशी मुलगा आंग मो किओच्या ऑफिसातून फोनवर ओरडला, "बाबा, आल्या! बाई वेळेत आल्या! संघात घेतलं!" मी त्याला प्रथम ऑफिसात हळू बोलण्यास सांगितले.

आठवड्याने दाराच्या फटीतून एक पाकीट आत सरकले. शाईने लिहिलेले, परिच्छेदांना क्रमांक, वर माझ्या पत्राचा संदर्भ. चौथा परिच्छेद एका वाक्याचा होता: "आपले परिच्छेद चारमधील म्हणणे पूर्णतः मान्य." चाळीस वर्षांत मी असंख्य पत्रे लिहिली, मला 'मान्य' असे कोणी लिहून दिले नव्हते. मी ते उभ्यानेच तीनदा वाचले. तेव्हा लक्षात आले, की खाली सही नाही.

त्रुटी दाखवणारे पत्र जोडून मी बाईंचे पत्र त्यांच्याकडे परत पाठवले. संध्याकाळी बाई स्वतः आल्या, दाराच्या चौकटीवर कागद टेकवून सही केली आणि सौ.ने पुढे केलेले दोन बेसनलाडू उभ्या उभ्या संपवले.

"अहो, अभिनंदन तरी केलंत का त्यांचं?" सौ.ने मराठीत विचारले.

"त्रुटीच्या पत्रात. परिच्छेद तीन."

"तोंडाने करा!"

मी केले. ते नोंदीत नाही.