नॉर्वेसाठी नवस

भाऊ बोटीवर नोकरीला लागला तो नॉर्वेतच राहिला. कित्येक वर्षं घरी फिरकला नव्हता. तिथल्या आंतरराष्ट्रीय गाण्यांच्या स्पर्धेला प्रेक्षकांत बसणार आहे, टीव्हीवर बघा, असं त्यानं कळवलं. मी कौलांवर अँटेना धरून उभा. घराला माझा तेवढाच उपयोग.

"दिसला का गं, आई?"

"नुसत्या मुंग्या दिसतायत! जरा भाट्याच्या समुद्राकडे वळव."

शेवटी गुण जाहीर होऊ लागले. खालून वडील म्हणाले, "जिंकेल त्या देशात पुढची स्पर्धा."

लगेच आईचा नवस वरपर्यंत ऐकू आला. "पुळ्याच्या गणपती, नॉर्वेला जिंकव रे! पोर पुन्हा तिथं बसेल. नारळांचं तोरण बांधीन."

नॉर्वे हरला. टीव्ही बंद झाला.

"उतर आता," आई म्हणाली.

तरी मी अँटेना भाट्याकडेच धरून उभा होतो.