नव्या जिल्ह्याचा शिक्का

आमच्या शाळेचे क्लार्क आल्यागेल्याला आधी पाणी द्यायचे आणि मग ‘न्हाई’ म्हणायचे. त्या पाण्याची मला चीड यायची.

दुष्काळ होता, लातूर जिल्हा नुकताच झाला होता. विष्णुपुरीला धरणाच्या कामावर निघालेली एक बाई मुलीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी तिसऱ्यांदा आली.

‘नव्या जिल्ह्याचा शिक्का यायचा हाय, माय.’

पाणी पिऊन ती बाहेर पायरीवर बसली. मी खडूसाठी क्लार्कचा ड्रॉवर उघडला, तर नवा शिक्का आतच! माझं डोकंच फिरलं.

‘लाज कशी वाटत नाही? पोरीची शाळा सुटेल!’

ते चष्मा पुसत राहिले. ‘सर, ही पोरगी गेली की पट कमी पडतो, तुकडी तुटती. मग तुमचीच जागा जाती.’

मी ड्रॉवर लावला आणि बाहेर आलो.

‘सर, शिक्का आला का?’ बाईनं विचारलं.

मी तिला पाणी विचारलं.