उजवी बाही

सिनेमाचे पुरस्कार टीव्हीवर बघायच्या शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळींत दोन तऱ्हा होत्या. एक सगळ्यांची: कोणाला मिळालं, कोणाचं हुकलं, आणि हुकल्यावर तोंड कसं झालं. दुसरी वसुधाकाकूंची. बक्षीस कोणाच्या घरी जातं याच्याशी काकूंना काडीचं देणंघेणं नव्हतं. त्या शिवण बघायच्या.

"अगं बाई, पाठीवर चुण्या बघा केवढ्या! एवढी मोठी नटी, आणि घरात आरसा नाही का हिच्या?" असं म्हणून त्या नाक मुरडायच्या. एखाद्या नायकाच्या कोटाची एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब असली तर त्याचं भाषण काकू ऐकूनच घेत नसत. कोणी भाषण करताना गहिवरलं, सगळ्यांचे डोळे भरून आले, की हमखास काकूंचा आवाज यायचा, "अस्तर आखूड आहे." त्यांच्या शेजारच्या खुर्चीसाठी लोक लवकर येत. टीव्हीपेक्षा काकूच जास्त रंगतात, असं म्हणत.

काकूंनी साताऱ्याला बावीस वर्षं शिवणक्लास चालवला होता. यजमान गेल्यावर मुलगा अंकुर त्यांना इकडे घेऊन आला, तेव्हा सामानात दोन साड्या कमी घेतल्या पण कात्री घेतली. तोपर्यंत इथल्या बायकांचे ब्लाउज भारतातून शिवून यायचे. कोणी जाणारं असलं की त्याच्याबरोबर माप पाठवायचं, सहा महिन्यांनी ब्लाउज यायचा, आणि तोवर माप कुठल्या कुठे गेलेलं असायचं. काकूंनी अंकुरच्या बेसमेंटमध्ये मशीन मांडलं आणि बायकांना श्वास घेता येऊ लागला. अक्षरशः.

तोंड मात्र फटकळ. कोणी घाई केली तर "मग टेप लावून चिकटवून देऊ का?" असं ऐकवायच्या. पण एक गोष्ट त्या अभिमानाने सांगायच्या, आणि ती खरी होती: सुई धरल्यापासूनच्या चाळीस वर्षांत काकूंच्या हातून अर्धवट कापड घराबाहेर गेलं नव्हतं.

दोन हजार सहाच्या मार्चमध्ये मोठाच प्रकार झाला. मुंबईची सिनेमावाली मंडळी पुरस्कार द्यायला थेट शिकागोला येणार, विमानतळाजवळच्या मोठ्या हॉलमध्ये सोहळा होणार आणि शनिवारी संध्याकाळी तो लाइव्ह दिसणार! आणि बक्षिसाचं तबक घेऊन स्टेजवर जाण्यासाठी ज्या मुली निवडल्या, त्यात आपल्या शैलजाची सई. सर्वोत्कृष्ट नायकाचं तबक तिच्याकडे. गावभर एकच चर्चा. शैलजाने आपली डाळिंबी नारायणपेठ काढली आणि ब्लाउज अर्थातच काकूंकडे आला.

सई एकोणीस वर्षांची. इथेच वाढलेली. सहा वर्षांपूर्वी, काकू नुकत्या आल्या होत्या तेव्हा, शैलजाला नोकरी लागली म्हणून एक उन्हाळाभर सई काकूंकडे असायची. काकूंनी तिला रुमालावर उलटी टीप, म्हणजे हाताची पण मशीनइतकी पक्की शिवण, शिकवली. पोर डावखुरी, त्यामुळे आरशात बघावं तसं तिच्यासमोर बसून शिकवावं लागलं. तीन दिवस गेले. "आजी, this is so boring! मशीन आहे ना?" सई वैतागायची. "मशीन पर्समध्ये मावतं का गं?" काकू म्हणायच्या. एकदा तिने लाल कापडावर काळा दोरा ओवला तर काकूंनी सुई काढून घेतली होती. सणासुदीच्या कापडाला काळा दोरा लावायचा नाही, घरात दुसरा कुठलाही रंग नसेल तर थांबायचं, असं अर्धा तास ऐकवलं. सईने खांदे उडवले. उन्हाळा संपला, रुमाल कुठे गेला देव जाणे.

तर शनिवारी संध्याकाळी रत्नाच्या घरी वीस-बावीस माणसं जमली. भिंतभर टीव्ही, टेबलावर बटाटेवडे, आणि जणू आपल्यालाच स्टेजवर जायचंय अशा थाटात नटलेल्या बायका. त्यातल्या निम्म्या काकूंनी शिवलेल्या ब्लाउजात. रत्नाचा नवरा कुमार नवीन कुर्ता घालून मिरवत होता. तिसऱ्या वड्याला त्याचं पोटावरचं बटण सुटून थेट चटणीत पडलं.

"अरे, कुर्त्याचं माप घेतलं तेव्हा पोट आत ओढलं होतंस ना?" काकू म्हणाल्या. "आण इकडे. मग लावतो म्हणशील आणि हरवून बसशील."

काकूंच्या पर्समध्ये सुई-दोऱ्याची डबी कायम असे. त्यांनी ती उघडली आणि तिथेच थिजल्या. डबीत डाळिंबी दोऱ्याची बॉबिन होती. गच्च भरलेली. एक वेढासुद्धा न सुटलेली.

ही बॉबिन त्यांनी गुरुवारी मशीनसाठी भरली होती, सईच्या उजव्या बाहीसाठी. सई म्हणाली होती, उजवीकडे काखेत काचतंय. काकूंनी बाही उसवली आणि घालून बघण्यापुरते हाताने लांब लांब कच्चे टाके घातले. असे टाके नेहमी पांढऱ्या दोऱ्याने घालायचे, म्हणजे कच्चं ते कच्चं दिसतं, हा काकूंचाच नियम. पण पांढरा दोरा वरच्या खणात, गुडघा दुखत होता, म्हणून हाताशी असलेला डाळिंबीच ओवला. सईने ब्लाउज घातला, गिरकी घेतली, "आजी, it's perfect!" म्हणून काकूंना मिठीच मारली. काकू विरघळल्या. त्या भरात ब्लाउजला इस्त्री केली, पिशवीत घातला आणि दिला. बाहीला मशीन लावलंच नाही!

"काकू, बटण?" कुमारने विचारलं.

"थांब रे मेल्या," काकू म्हणाल्या, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

कच्चे टाके म्हणजे एक झटका आणि संपलं. पोर एका हॉलभर माणसांसमोर, टीव्हीवर, वर लाइव्ह, आणि खांद्यापासून बाही लोंबतेय. बरं, बोलायची सोय नाही. समोरच्या सोफ्यावर बसलेल्या बायका ऐकतील आणि हळूच आपापल्या बाह्या चाचपतील. चाळीस वर्षांची अब्रू एका बाहीत जाणार.

काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि सईबरोबर हॉलवर गेलेल्या शैलजाला फोन लावला. तिने उचलला नाही. निरोप ठेवा, असं इंग्रजीत ऐकू आलं. काकूंनी ठेवला. "शैलजा, मी वसुधा. सईला सांग, हात अंगाशी धरायचे. उजवा तर मुळीच वर करायचा नाही. कारण विचारू नकोस. काल पाठवलेला चिवडा आवडला का?"

मग अंकुरला बाजूला ओढलं. "गाडी काढ. शिकागोला जाऊ."

"आई, वेड लागलंय का? पाऊण तास लागेल. आणि तिकिटं? तू तर म्हणाली होतीस या नटांचं तोंडही बघायचं नाही."

"नटांना कोण विचारतंय!" काकू म्हणाल्या आणि परत खुर्चीत येऊन बसल्या.

त्या संध्याकाळी काकूंनी कोणाच्या चुण्या काढल्या नाहीत. एक नटी असा काही झगा घालून आली की खालची झालर सरळ सरळ उसवलेली होती. सगळ्यांनी आशेने काकूंकडे पाहिलं. काकू मांडीवरच्या डबीचं झाकण उघडबंद करत होत्या. "बरं वाटत नाही का?" रत्नाने विचारलं. काकूंच्या मनात येत होतं, हसा, आता त्या बिचारीच्या शिंप्याला हसा! तो कुठे बसला असेल, त्याच्या जिवाला काय वाटत असेल? इतकी वर्षं आपण टीव्हीसमोर बसून वडे खात लोकांची शिवण काढली, त्याचं त्यांना पहिल्यांदा वाईट वाटलं.

सर्वोत्कृष्ट नायकाची घोषणा झाली. खोलीत आरडाओरडा. कुमार पैज हरला. आणि सई आली. दोन्ही हातांत तबक, हात अंगाशी, पावलं मोजत. "आली, आली! कसली गोड दिसतेय!" रत्नाने टाळ्या पिटल्या. काकूंचा पदर दातात. आता एवढंच, पोरी, तबक दे आणि मागे फीर.

नायकाने तबकातली बक्षिसाची बाहुली घेतली, आईला वंदन केलं, देवाला केलं, शिकागोला केलं. सई वळली. काकूंचा जीव भांड्यात पडणार, तोच त्या गाढवाला उत्साह आला. त्याने तबक काढून कोणाच्या तरी हातात दिलं, सईचा हात धरला, उजवाच, आणि तो उंच करून तिला गरकन फिरवलं.

"सोड! सोड तिला, मेल्या! हात सोड!" काकू ताडकन उभ्या राहून किंचाळल्या. मांडीवरची डबी उडाली आणि बॉबिन गालिच्यावर घरंगळत गेली.

सगळ्यांच्या माना काकूंकडे वळल्या. "काकू, अहो नाचतोय फक्त," कुमार समजावू लागला. "आपण अमेरिकेत आहोत. चालतं हो."

"गप रे! तू टीव्हीसमोरून हो बाजूला!"

कारण बाही जागेवर होती. हात पार डोक्यावर गेला होता आणि बाही जागेवर! त्याने तिला दुसऱ्यांदा फिरवलं, तिसऱ्यांदा फिरवलं. कॅमेरा जवळ गेला, आणि त्या भिंतभर टीव्हीवर काकूंना काखेपासून खांद्यापर्यंत एक ओळ दिसली. पोपटी हिरव्या दोऱ्याची. डाळिंबी ब्लाउजवर! बाकी कोणाला दिसलं नसेल, पण काकूंना तेवढंच दिसत होतं. काकू मटकन खाली बसल्या.

जाहिराती लागल्या आणि काकूंचा फोन वाजला. मागे प्रचंड गोंगाट.

"आजी! पाहिलंस? OMG, मी डान्स केला! ऐक, आईला सांगू नकोस हं, पण कपडे घालताना ती बाही, it just came off. माझ्या हातात आली."

"बाळा..." काकूंनी फोन कानाशी घट्ट धरला.

"It's okay! मेकअप रूममध्ये एक छोटं सूइंग किट होतं. ते उलटी टीपवालं केलं मी. बरोबर लक्षात होतं. मग म्हटलं, देव जाणे टिकेल की नाही, पण it held, आजी!"

काकूंचे डोळे वाहायला लागले होते. पण जित्याची खोड कुठे जाते? "अगं, पण हिरवा?" त्या म्हणाल्या. "तो काय रंग झाला? डाळिंबीवर पोपटी?"

"दोनच रंग होते ना. हा, नाहीतर काळा." सई म्हणाली. "काळा लावायचा नाही म्हणाली होतीस ना तू? आणि थांबायला टाइम नव्हता."

काकूंनी फोन ठेवला. नाक पुसलं. खाली वाकून, गुडघ्याला शिव्या देत, सोफ्याखाली गेलेली बॉबिन काढली. कार्यक्रम परत सुरू झाला होता आणि सईची गिरकी पुन्हा दाखवत होते, संथ गतीने.

"मानलं तुम्हाला, काकू," कुमार म्हणाला. "एवढा हिसका बसला, पण शिवण हलली नाही. ही तुमची चाळीस वर्षांची करामत!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. समोरच्या सोफ्यावरच्या बायकांनी तर जरा जास्तच. काकूंना काही बोलायची गरज नव्हती. कोणालाच कळलं नसतं. सईसुद्धा बोलणार नव्हती.

"थांबा, टाळ्या नका वाजवू," काकू म्हणाल्या. त्यांनी भरलेली बॉबिन सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. "ही बघा. ही उजव्या बाहीला लागायची होती, ती लावायची मी विसरले. कच्चे टाके घालून पोरीला पाठवलं मी. सुटली ती बाही."

रत्नाचा हात नकळत स्वतःच्या खांद्याकडे गेला. काकूंनी तो पाहिला आणि त्यांना मुळीच राग आला नाही.

"मग ती...?" कुमारने टीव्हीकडे बोट केलं.

"ती सईने शिवलीय. डाव्या हाताने," काकू म्हणाल्या. "आता वाजवा."