निरोगी गटातले माझे फोटो

त्या वर्षी आमच्या सॉफ्टवेअर कंपनीकडे डोळ्यांच्या फोटोंचं काम आलं होतं. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात फार बारीक नसा असतात. मधुमेहाने पायांच्या नसा बिघडायला लागल्या, की याही विरळ होतात, आणि पाय बधिर होण्याच्या आधीच ते फोटोत दिसू शकतं. त्या नसा मोजणारा प्रोग्राम मी लिहीत होतो. तुलनेसाठी निरोगी माणसांचे फोटो हवे होते. मॅनेजरने टीममध्येच विचारलं, सगळ्यांनी हात वर केले. मीही केला.

मला तीन वर्षांपासून शुगर होती. बायकोला माहीत होतं, ऑफिसात कुणालाच नाही. ऑनसाइटसाठी माझ्या नावाची चर्चा होती, आणि आजारी माणसाला परदेशी कोण पाठवतं, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. फोटो जिथे निघणार होते, त्या क्लिनिकमधल्या फॉर्मवर ‘मधुमेह आहे का?’ यापुढे मी ‘नाही’वर खूण केली. हात जरासुद्धा अडखळला नाही.

फोटो काढणाऱ्या बाई वाघोलीहून बसने यायच्या. त्यांनी डोळा बधिर करणारे थेंब घातले, हनुवटी टेकवायला लावली आणि भिंगाचं टोक अलगद डोळ्याला लावलं.

डॉक्टर स्क्रीनपाशी आले. काळ्यावर पांढऱ्या रेघांची दाटी दिसायला हवी होती. माझ्या दोन-तीनच होत्या, त्याही तुटक.

“बाई, पडद्याचा भलताच थर पकडलाय तुम्ही. परत घ्या.”

त्यांनी परत घेतले. तिसऱ्यांदाही तेच आलं. डॉक्टर माझ्यासमोरच म्हणाले, “निरोगी माणसाचे फोटो आहेत हे. इतक्या महिन्यांत एवढंही जमू नये?”

बाईंचा चेहरा उतरला. मला दारापर्यंत सोडताना त्या म्हणाल्या, “सॉरी हं सर, तुम्हाला उगाच तीनदा त्रास झाला.”

मी म्हणालो, “असू द्या. होतं असं.”

रोज तसेच फोटो बघणारा माणूस मी. फोटो अगदी बरोबर आहेत, हे मला पहिल्याच वेळी कळलं होतं. माझ्या नसांची भीती वाटलीच, पण आठवडाभर जेवताना, काम करताना ते ‘असू द्या’ मला टोचत राहिलं. शेवटी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “आणि त्या बाईंची नोकरी गेली तर?”

दुसऱ्या दिवशी कसब्याजवळ स्कूटर लावून क्लिनिकपर्यंत चालत गेलो आणि डॉक्टरांना खरं सांगितलं. त्यांनी बाईंना आत बोलावलं. “चूक माझी. तुमचे फोटो बरोबर होते,” असं ते सरळ म्हणाले. मीही माफी मागितली.

बाई म्हणाल्या, “त्या दिवशी सॉरी मी म्हटलं होतं सर. आणि आपण मला माफही केलंत.” आवाज जराही चढला नव्हता. त्या कामाला निघून गेल्या.

डॉक्टरांनी माझ्या तळपायांना नायलॉनचा धागा टेकवून पाहिला. अजून जाणवत होतं. “आता तरी सांभाळा,” म्हणाले. मॅनेजरला सांगितलं, तर त्याने फक्त माझे फोटो निरोगी गटातून काढायला लावले. ऑनसाइटला दुसराच गेला. का, ते मी विचारलं नाही.

पुढची दोन वर्षं तपासणीसाठी माझे फोटो त्या बाईंनीच काढले. इतर पेशंटांशी त्या घरच्या गोष्टी बोलायच्या. माझ्याशी कामापलीकडे एक शब्द बोलल्या नाहीत, आणि मलाही कधी धीर झाला नाही.